बटाट्यासारखा चंद्र आणि त्याचे मूळ गाव

एका रमजानची गोष्ट. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर जमलो होतो. आभाळ भरून आलेले, चाँद काही दिसला नाही. जिना उतरताना माझी भाची म्हणाली, "मामू, मंगळावर माणसं राहायला गेली तर ती ईद कधी करणार? तिथं तर दोन चंद्र आहेत."

सातवीतल्या मुलीला असे प्रश्न पडतात ही चांगली गोष्ट. मी तिला सांगितले, तिथला आतला चंद्र, फोबोस, मंगळाभोवती ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी मारतो. म्हणजे तिथे एका दिवसात तीन 'महिने' उलटणार, रोज तीनदा चाँदरात. शिवाय तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, कारण मंगळ स्वतःभोवती फिरतो त्यापेक्षा हा जास्त वेगाने पळतो. तिला हे फारच आवडले. मग मी मोबाईलवर आपल्या मंगळयानाने १ जुलै २०२० रोजी काढलेला फोबोसचा फोटो दाखवला. यान तेव्हा फोबोसपासून सुमारे ४,२०० किलोमीटरवर होते. तिने फोन आडवा धरला, उभा धरला आणि म्हणाली, "हा चंद्र? हा तर बटाटा आहे!"

ईदनंतर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने बाजारातून सूर्यमालेचा तक्ता आणला. मंगळाच्या चित्राखाली बारीक अक्षरांत छापलेले होते की त्याचे दोन्ही उपग्रह मुळात लघुग्रह असून मंगळाने ते पकडलेले आहेत. तिने विचारले, "पकडताना कुणी बघितलं?"

मी इतिहास शिकवतो, खगोलशास्त्र नाही. पण हा प्रश्न इतिहासाचाच आहे. अमुक कुठून आला, हे सांगणाऱ्याकडे कागद कोणता आहे? 'मूळचे कुठले?' हे मलाही आयुष्यात इतक्यांदा विचारले गेले आहे, की अशा उत्तरात पुरावा किती आणि चेहऱ्यावरून बांधलेला अंदाज किती हे बघण्याची सवयच लागून गेली आहे. म्हणून काही आठवडे या चंद्रांच्या मागे लागलो. जे हाती आले ते इथे मांडतो.

मंगळाच्या चंद्रांची गंमत अशी की ते सापडण्याआधी पावणेतीनशे वर्षे त्यांची संख्या लोकांना 'माहीत' होती. १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूचे चार चंद्र दिसले. त्याच वर्षी त्याने शनीबद्दलचा एक शोध अक्षरांची खिचडी करून कळवला. शोधाचा मान आपल्याकडे राहावा, पण इतक्यात कुणाला काही कळू नये, यासाठी त्या काळी ही युक्ती होती. योहानेस केप्लरने ती खिचडी सोडवली आणि चुकीची सोडवली. गॅलिलिओला म्हणायचे होते की शनी तीन पिंडांचा दिसतो. केप्लरने त्यातून मंगळाचे दोन चंद्र काढले. त्याला ते पटलेही, कारण पृथ्वीला एक, गुरूला चार, तर मधल्या मंगळाला दोन असणार, असा त्याचा हिशेब होता. पुढे १७२६ मध्ये जोनाथन स्विफ्टने 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये लापुटा बेटावरच्या ज्योतिर्विदांकडून मंगळाचे दोन चंद्र शोधवून घेतले आणि त्यांचे फेऱ्यांचे काळही देऊन टाकले, दहा तास आणि साडेएकवीस तास. खरे आकडे साडेसात तासांच्या आसपास आणि तीस तासांच्या आसपास निघाले. यावरून स्विफ्टला गूढ ज्ञान होते वगैरे लिहिणारे आजही आहेत. मला तरी त्यात केप्लरचा एक-दोन-चारचा हिशेबच दिसतो.

प्रत्यक्ष शोध ऑगस्ट १८७७ मधला. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत तेव्हा २६ इंच भिंगाची, जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती आणि तिच्यावर असॅफ हॉल काम करत होता. हा माणूस आधी सुतारकाम करायचा. शिकायला म्हणून एका कॉलेजात गेला आणि तिथे गणित शिकवणाऱ्या अँजेलिन स्टिकनीशी त्याचे लग्न झाले. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. हॉल रात्रीमागून रात्री मंगळाच्या झगमगाटाशेजारी एखादा ठिपका दिसतो का ते पाहत होता. ११ ऑगस्टच्या रात्री एक अंधूक ठिपका दिसला, तोच पोटोमॅक नदीवरून धुके आले. मग काही दिवस हवा खराब. १६ तारखेला ठिपका पुन्हा सापडला आणि मंगळाबरोबर सरकत असल्याची खात्री पटली. तो बाहेरचा चंद्र, डायमॉस. दुसऱ्याच रात्री आतला फोबोस दिसला. हॉलने नंतर स्वतः लिहून ठेवले आहे की बायकोने धीर दिला नसता तर त्याने हा शोध अर्ध्यावर सोडला असता. आज फोबोसवरचे सर्वांत मोठे विवर, ९ किलोमीटर रुंदीचे, 'स्टिकनी' या नावाने ओळखले जाते. हॉलच्या नावाचे विवरही तिथे आहे, पण ते बायकोच्या विवरापेक्षा लहान आहे.

फोबोस म्हणजे भीती आणि डायमॉस म्हणजे दहशत, युद्धदेवाचे दोन सोबती. होमरच्या 'इलियड'मधली ही नावे इंग्लंडमधल्या ईटन शाळेतल्या हेन्री मॅडन या शिक्षकाने सुचवली. याच मॅडनच्या भावाच्या नातीने, व्हेनेशिया बर्नीने, १९३० मध्ये प्लूटोचे नाव सुचवले. घराण्यात बारशाची हौसच असावी.

हॉलला दिसले ते फक्त ठिपके. आकाराचा प्रश्नच नव्हता. आकाशातली वस्तू गोलच असणार, ही समजूत ग्रीकांपासून इतकी घट्ट होती की आपल्या चंद्रावर डाग का दिसतात हेदेखील मोठे कोडे मानले जाई. कैरोत राहून गेलेल्या इब्न अल-हैसमने त्या डागांवर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली आहे. दुर्बिणीने चंद्रावरचे डोंगर दाखवले तरी डोंगर असलेला गोल तो गोलच. खरे तर वेडावाकडा चंद्र माणसाला पहिल्यांदा सापडला तो हॉलच्याही आधी, सप्टेंबर १८४८ मध्ये. शनीचा हायपेरियन. अमेरिकेत बाँड पिता-पुत्र आणि इंग्लंडमध्ये विल्यम लॅसेल यांना तो दोन दिवसांच्या अंतराने दिसला. पण आपण काय शोधले आहे हे त्यांना कळणे शक्य नव्हते. ते कळायला यान तिथपर्यंत जावे लागले.

फोबोसच्या बाबतीत मधल्या काळात एक मजेदार प्रकरण घडले. १९४५ मध्ये बेव्हन शार्पलेस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने जुनी-नवी निरीक्षणे ताडून सांगितले की फोबोसचा वेग वाढतो आहे, म्हणजे तो हळूहळू मंगळाकडे उतरतो आहे. का? १९५० च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत शास्त्रज्ञ योसिफ श्क्लोव्हस्की यांनी हिशेब मांडला. मंगळाच्या विरळ हवेच्या घर्षणाने एवढा परिणाम व्हायचा तर फोबोस फारच हलका हवा, इतका हलका की तो आतून पोकळ असला पाहिजे. आणि नैसर्गिक वस्तू अशी पोकळ असत नाही. म्हणजे तो कुणीतरी बनवलेला, पत्र्याचा! स्पुटनिकचे दिवस होते, बातमी जगभर गेली. नंतर कळले की आकडा थोडा फुगलेला होता आणि कारणही हवा नव्हती. फोबोसच्या ओढीने मंगळाच्या घन पृष्ठभागाला किंचित भरती येते आणि तो उंचवटा फोबोसला मागे खेचतो. त्यामुळे फोबोस दर शंभर वर्षांत साधारण १.८ मीटर खाली येतो. काही कोटी वर्षांनी तो एकतर मंगळावर आदळेल किंवा फुटून त्याचे कडे होईल.

श्क्लोव्हस्कींची लोकांनी पुढे टिंगल केली. मला ती योग्य वाटत नाही. त्यांनी फोबोस जसा दिसत होता त्यावरून नव्हे, तर तो जसा चालत होता त्यावरून निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकला, पद्धत बरोबर होती.

मग १९७१ चा नोव्हेंबर उजाडला. मरिनर ९ हे यान मंगळाभोवती फिरू लागले तेव्हा सगळा मंगळ धुळीच्या वादळाने झाकलेला होता. बघायला खाली काहीच नाही, म्हणून कॅमेरे चंद्रांकडेही वळवले गेले आणि पहिल्यांदा फोबोस नीट दिसला. २७ किलोमीटर लांब, २२ रुंद, १८ जाड. ठिकठिकाणी खड्डे. शास्त्रज्ञांनाही तेव्हा बटाटाच आठवला. माझ्या भाचीने फार नवे काही म्हटलेले नाही.

चंद्र गोल का असतो आणि बटाटा का राहतो, हे तिला सांगताना मी कणकेचा आधार घेतला. मोठ्या पिंडाचा प्रत्येक कण मध्याकडे ओढला जातो. पिंड पुरेसा मोठा असला की ही ओढ खडकाच्या किंवा बर्फाच्या ताठपणावर मात करते. उंच भाग खचतात, खोल भाग भरतात आणि लाखो वर्षांत सगळे कणकेच्या गोळ्यासारखे वळून येते. बर्फ खडकापेक्षा लवकर नमते, म्हणून बर्फाळ चंद्र साधारण ४०० किलोमीटरच्या आसपास गोल होऊ लागतात. शनीचा मायमस ३९६ किलोमीटरचा, बऱ्यापैकी गोल. पण नेपच्यूनचा प्रोटियस ४२० किलोमीटरचा असूनही ओबडधोबड! तेव्हा ही रेघ पक्की नाही; चंद्र आतून कधी किती गरम होता, त्यालाही महत्त्व आहे. शनीचाच एन्सेलाडस ५०४ किलोमीटरचा, अगदी गुळगुळीत गोल. जाता जाता सांगतो, एन्सेलाडसवरच्या जागांची नावे 'अलिफ लैला'मधून घेतली आहेत. अलीबाबा, अलादीन, सिंदबाद अशी विवरे आहेत आणि बगदाद, दमास्कस, कैरो या नावांच्या भेगा. त्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण अवकाशात उडत असतात.

फोबोस या सगळ्यांपुढे खडा आहे. तिथे गुरुत्व इतके कमी की ताशी चाळीसएक किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू परत येणार नाही. म्हणजे आमच्या गल्लीतली पोरेसुद्धा फोबोसवर प्रत्येक चेंडू हरवून बसतील. अशा ओढीने कणीक वळली जात नाही. जो आकार टकरींनी दिला तो तसाच राहतो.

आता तक्त्यावरच्या वाक्याकडे येऊ. मरिनरच्या फोटोत फोबोस लहान होता, वेडावाकडा होता आणि रंगाने काळा होता. त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा सातच्या आसपासच तो परत फेकतो. त्याच्यावरून आलेल्या प्रकाशाचे पृथक्करण केले तर ते काही कर्बयुक्त, काळ्या लघुग्रहांशी जुळत होते. मंगळाच्या पलीकडे लघुग्रहांचा पट्टा तर आहेच. तेव्हा कुणीतरी पट्ट्यातून भरकटत आले आणि मंगळाने धरून ठेवले, हे अगदी सहज सुचले. पाठ्यपुस्तकांत गेले, तक्त्यांवर छापले गेले.

यात एक घोळ आहे आणि तो मला वाचताना फार उशिरा लक्षात आला. १९७१ मध्ये लघुग्रह जवळून कुणी पाहिलेलाच नव्हता. गॅलिलिओ यानाने गॅस्प्रा या लघुग्रहाजवळून पहिला फोटो काढला तो ऑक्टोबर १९९१ मध्ये. मधली वीस वर्षे लघुग्रह कसे दिसत असतील याची कल्पना फोबोस आणि डायमॉसच्या फोटोंवरूनच केली जात होती. म्हणजे फोबोस लघुग्रहासारखा दिसतो, आणि लघुग्रह कसा दिसतो तर फोबोससारखा! प्रकाशाचे पृथक्करण हा वेगळा पुरावा होता हे खरे, पण तोही ठसठशीत नव्हता. त्या प्रकाशात ओळख पटवणाऱ्या खुणा कमी, सगळे सपाट आणि काळपट. लाखो वर्षे सूर्याचा मारा खाल्लेला साधा दगडही काळवंडतो.

उलट साक्ष देत होती ती फोबोसची चाल. बाहेरून आलेला पिंड ग्रहाच्या जवळ येतो तोच मुळी जास्तीच्या वेगाने. तो वळसा घालून निघून जातो. त्याला थांबवायचे तर तो वेग कुठेतरी खर्च व्हायला हवा; दाट वायूच्या आवरणात, एखाद्या टकरीत किंवा सोबत्याच्या वाट्याला जाऊन. मंगळ लहान, त्याची हवा विरळ. आणि समजा थांबलाच, तरी अशा पकडलेल्या पिंडाची वाट लांबट आणि तिरकी असते. फोबोस आणि डायमॉस दोघेही मंगळाच्या विषुववृत्ताच्या जवळपास वरच, जवळजवळ वर्तुळात फिरतात. फोबोसची वाट पुढे भरतीच्या ओढीने गोलावली असे म्हणता येईल. डायमॉस मात्र इतका लहान आणि मंगळापासून इतका दूर, २३ हजार किलोमीटरवर, की त्याची वाट सरळ करायला तेवढा काळच पुरत नाही. असे शिस्तीत फिरणारे चंद्र सहसा त्या ग्रहाभोवतीच्या चकतीतून तिथेच जन्मलेले असतात.

बाहेरचा म्हणजे कसा, हे बघायचे असेल तर नेपच्यूनकडे जावे. नेपच्यून सापडला २३ सप्टेंबर १८४६ ला आणि अवघ्या सतरा दिवसांनी लिव्हरपूलच्या विल्यम लॅसेलला त्याचा चंद्र ट्रायटन दिसला. हाच तो पुढे हायपेरियन शोधणारा लॅसेल; धंद्याने मद्य बनवणारा, दुर्बिणीचे आरसे स्वतः घासणारा. ट्रायटन २,७०० किलोमीटर रुंदीचा, व्यवस्थित गोल, उजळ, गुलाबी छटेचा. व्हॉयेजर २ ने ऑगस्ट १९८९ मध्ये काढलेले त्याचे फोटो पाहिले तर हा नेपच्यूनच्या घरचाच थोरला मुलगा वाटावा. पण तो उलटा फिरतो. नेपच्यून ज्या दिशेने स्वतःभोवती फिरतो त्याच्या विरुद्ध. ग्रहाच्या चकतीत जन्मलेला एवढा मोठा चंद्र उलटा फिरू शकत नाही. तो प्लूटोच्या भागातून आलेला आहे. तो थांबला कसा याचे एक पटणारे उत्तर क्रेग अॅग्नोर आणि डग्लस हॅमिल्टन यांनी २००६ मध्ये दिले. ट्रायटन एकटा आला नव्हता, त्याला जोडीदार होता. नेपच्यूनजवळ जोडी फुटली. जोडीदार वेग घेऊन निघून गेला आणि ट्रायटन मागे राहिला.

थोडक्यात, सूर्यमालेतला सर्वांत मोठा पाहुणा चंद्र दिसायला सर्वांत घरंदाज आहे.

शनीच्या फीबीचेही असेच. हा फोटोच्या काचांवर सापडलेला पहिला चंद्र. पेरूमधल्या अरेकिपा येथे १८९८ मध्ये घेतलेल्या काचा तपासताना विल्यम पिकरिंगला १८९९ मध्ये तो दिसला. शनीपासून सव्वाकोटी किलोमीटरहून दूर, एका फेरीला दीड वर्ष लावणारा आणि उलटा फिरणारा. कॅसिनी यान शनीकडे जाताना ११ जून २००४ रोजी त्याच्याजवळून गेले. सुमारे २१३ किलोमीटरचा, खड्ड्यांनी भरलेला, तरी मुळात गोलाकडे झुकलेला पिंड दिसला. घनता आणि पृष्ठभागावरचे गोठलेले पदार्थ पाहता तोही नेपच्यूनपलीकडच्या थंड भागातून आलेला असावा, असे मानतात. त्याच्यावरून उडालेली काळी धूळ शनीभोवती एक प्रचंड, अंधूक कडे करून पसरली आहे. ते कडे २००९ मध्ये सापडले. ती धूळ आयापेटस या दुसऱ्या चंद्राच्या एका बाजूवर बसते. जोव्हानी कॅसिनीला १६७१ मध्ये आयापेटस शनीच्या एकाच बाजूला असताना दिसायचा, दुसऱ्या बाजूला गेला की गडप. त्याने ओळखले होते की या चंद्राची एक बाजू काळी असली पाहिजे. काळे कशाने झाले ते कळायला पुढची सव्वातीनशे वर्षे गेली.

इथे एका शब्दाबद्दल सांगायला हवे. शास्त्रज्ञ ज्यांना 'अनियमित उपग्रह' म्हणतात ते आकाराने अनियमित असे नव्हे. दूरच्या, लांबट, तिरक्या किंवा उलट्या वाटेने फिरणाऱ्यांना ते नाव आहे. त्या अर्थाने गुळगुळीत ट्रायटनलाही काही जण अनियमितांत धरतात आणि बटाट्यासारखा फोबोस त्यांत बसत नाही. बातम्यांत नेहमी गोंधळ होतो. मार्च २०२५ मध्ये शनीचे १२८ नवे चंद्र एकदम मान्य झाले आणि एकूण संख्या २७४ वर गेली, तेव्हाही झाला. ते १२८ सगळे वाटेने अनियमित आहेत. त्यांतले पुष्कळसे एकमेकांच्या वाटांशी इतके जुळणाऱ्या वाटांवर आहेत की पूर्वी आलेल्या थोड्या पाहुण्यांचे टकरीत झालेले हे तुकडे असणार. आकाराने ते वेडेवाकडे असतीलच, पण तो आकार त्यांच्या फुटण्याची हकिकत सांगतो. येण्याची सांगत नाही.

हायपेरियनकडे बघा. १९८१ मध्ये व्हॉयेजर २ ने आणि २००५ मध्ये अगदी जवळून कॅसिनीने त्याचे फोटो काढले. ३६० किलोमीटर लांबीचा हा पिंड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. पाण्याच्या जवळपास निम्मीच घनता, आत चाळीस टक्क्यांहून जास्त पोकळी. त्याचा दिवस किती तासांचा, याला उत्तर नाही. जॅक विस्डम आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की लांबट आकार, लांबट वाट आणि शेजारच्या टायटनची ओढ यांमुळे हायपेरियन स्वतःभोवती ठराविक तऱ्हेने फिरूच शकत नाही. तो गटांगळ्या खातो. पण शनीभोवतीची त्याची वाट मात्र सरळ आहे, दिशाही योग्य.

गुरूच्या अमाल्थियाचे कोडे आणखी वेगळे. एडवर्ड बर्नार्डला ९ सप्टेंबर १८९२ रोजी तो दिसला. दुर्बिणीला डोळा लावून शोधलेला हा शेवटचा चंद्र. लांबी २५० किलोमीटर, रुंदी त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त, रंग लालसर. वाट अगदी घरच्यासारखी, गुरूच्या जवळ. पण २००२ मध्ये गॅलिलिओ यान जवळून गेले तेव्हा त्याची घनता पाण्याहूनही कमी भरली. म्हणजे त्यात बर्फ असणार. आणि जिथे तो आज आहे तिथे जन्माच्या वेळी गुरूच्या उष्णतेने बर्फ टिकू नये! इथे वाट एक सांगते आणि अंग दुसरेच. असे पुरावे भांडू लागले की इतिहासाच्या माणसाला बरे वाटते. विषय अजून जिवंत आहे असे समजायचे.

फोबोसचेही अंग तपासले गेले. मार्च २०१० मध्ये मार्स एक्सप्रेस हे युरोपीय यान त्याच्यापासून ६७ किलोमीटरवरून गेले आणि त्याच्या ओढीवरून आत सुमारे तीस टक्के पोकळी असल्याचे निघाले. श्क्लोव्हस्कींचा पत्र्याचा डबा नव्हे, पण ठासून भरलेला खडकही नव्हे. पकडलेला अखंड लघुग्रह असण्यापेक्षा तुकडे पुन्हा गोळा होऊन झालेला ढिगारा असण्याशी हे जास्त जुळते. पास्कल रोझेनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गणित करून दाखवले की मंगळावर पूर्वी झालेल्या एखाद्या प्रचंड टकरीतून उडालेल्या मलब्यापासून असे दोन चंद्र तयार होऊ शकतात.

डायमॉसबद्दलची नवी साक्ष मात्र अनेकांना अनपेक्षित ठिकाणाहून आली. संयुक्त अरब अमिरातीचे 'अल-अमल' हे यान, म्हणजे आशा, जपानमधून जुलै २०२० मध्ये निघून फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळाला पोहोचले. त्याचे मूळ काम मंगळाच्या हवेचा अभ्यास. ते झाल्यावर त्याची वाट थोडी बदलून १० मार्च २०२३ रोजी त्याला डायमॉसपासून सुमारे १०० किलोमीटरवरून नेले गेले. इतक्या जवळून डायमॉस पूर्वी फारसा कुणी पाहिला नव्हता, आणि त्याची मंगळाकडे पाठ असलेली बाजू तर नाहीच. या मोहिमेच्या वैज्ञानिक कामाचे नेतृत्व हेस्सा अल मतरूशी या तरुण शास्त्रज्ञ बाई करतात. त्यांच्या गटाने जाहीर केले की डायमॉसचा पृष्ठभाग काळ्या कर्बयुक्त लघुग्रहांपेक्षा मंगळाच्याच बसाल्टसारख्या दगडाशी जास्त जुळतो. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या जातीचा आहे, ती जात.

तर मग तक्ता खोटा, असे लिहून मोकळे व्हायचा मला मोह झाला होता. पण तसे नाही. २०२४ मध्ये जेकब केगराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मधला मार्ग मांडला. एखादा मोठा लघुग्रह मंगळाच्या फार जवळ आला, मंगळाच्या ओढीने त्याचा चुरा झाला, चुऱ्याचा काही भाग मंगळाभोवती राहिला, आपसात टकरून त्याची चकती झाली आणि त्या चकतीतून हे चंद्र जन्मले. तसे असेल तर माती बाहेरची आणि जन्म इथला. माती हातात येईपर्यंत कोणत्याही बाजूने शपथ घेण्यात अर्थ नाही.

आणि माती आणण्यात फोबोस फार तापदायक ठरला आहे. सोव्हिएत संघाने जुलै १९८८ मध्ये फोबोस १ आणि फोबोस २ अशी दोन याने पाठवली. पहिले एका चुकीच्या आज्ञेमुळे वाटेतच हरवले. दुसरे मंगळापर्यंत पोहोचले आणि फोबोसवर उतरणारी यंत्रे सोडण्याच्या थोडे आधी, २७ मार्च १९८९ रोजी, त्याच्याशी संपर्क तुटला. रशियाने नोव्हेंबर २०११ मध्ये माती आणण्यासाठीच पाठवलेले यान पृथ्वीच्या कक्षेतूनच बाहेर पडू शकले नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये समुद्रात पडले. आता जपान फोबोसची माती आणण्याची मोहीम तयार करत आहे. लघुग्रहांवरची माती त्यांनी दोनदा आणून दाखवली आहे, म्हणून भरवसा वाटतो.

भाचीने तक्त्यावरच्या 'पकडलेले आहेत' या शब्दांवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि वर निळ्या पेनाने लिहिले, 'जन्मस्थान : तपास चालू'. प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलेच, छापील तक्ता का बदललास म्हणून. तिने त्यांना फोबोसची वाट, ट्रायटनची वाट, सगळे सांगितले. नंबर काही आला नाही. घरी येऊन दप्तर टाकता टाकता तिने विचारले, "मामू, आणि आपला चाँद? तो कुठला?"

त्याची माती १९६९ मध्येच आणली गेली आहे, त्यामुळे तिथली चौकशी बरीच पुढे गेलेली आहे. तिच्याबद्दल पुढच्या लेखात लिहितो.